कृष्णवर्णीयांची महाविद्यालये : हेतू आणि प्रत

शिक्षणसंस्थेची प्रत ठरविण्याचे काम वरवर पाहता सोपे वाटते. इमारती किती, ग्रंथालयात पुस्तके किती, अध्यापकांच्या पदव्या कोणत्या, परीक्षेस बसलेल्यांपैकी उत्तीर्ण किती, एवढे रकाने भरले की बेरीज मांडता येते. परंतु ज्याने कचेरीत काही वर्षे तक्ते भरण्यात घालविली आहेत, त्याला एक गोष्ट पक्की ठाऊक असते. तक्त्याचा निकाल पुष्कळदा आकडे भरण्यापूर्वीच, रकाने आखले जातात त्या वेळी, ठरून गेलेला असतो. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत कृष्णवर्णीयांसाठी निघालेल्या महाविद्यालयांचा इतिहास या दृष्टीने फार बोधप्रद आहे. या संस्थांची तपासणी वारंवार झाली आणि बहुतेक वेळा निकाल एकच लागला : प्रत हलकी. हा निकाल कितपत खरा होता, आणि खरा असला तरी न्याय्य होता काय, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे.

या विद्यालयांचा जन्म समजून घेतल्यावाचून त्यांचे मोल कळणार नाही. १८३० च्या सुमारास व्हर्जिनिया, नॉर्थ कॅरोलिना, जॉर्जिया इत्यादी दक्षिणेकडील राज्यांनी गुलामांना अक्षरओळख करून देणे हाच कायद्याने गुन्हा ठरविला होता. उत्तरेत मात्र काही दारे किलकिली झाली. फिलाडेल्फिया येथे १८३७ साली रिचर्ड हम्फ्रीज या क्वेकर पंथीय गृहस्थाच्या मृत्युपत्रातील देणगीतून एक विद्यालय निघाले. तेच आजचे चेनी विद्यापीठ. पुढे १८५४ साली पेनसिल्व्हेनियात लिंकन विद्यापीठाचा आणि १८५६ साली ओहायोत विल्बरफोर्स विद्यापीठाचा पाया घातला गेला. खरा ओघ सुरू झाला तो १८६५ साली यादवी युद्ध संपल्यावर. अटलांटा विद्यापीठ १८६५ चे, फिस्क १८६६ चे, हॉवर्ड व आज मोरहाउस या नावाने प्रसिद्ध असलेले महाविद्यालय १८६७ चे, हॅम्प्टन १८६८ चे. उत्तरेकडील मिशनरी मंडळे, मुक्त झालेल्या गुलामांसाठी सरकारने स्थापलेले फ्रीडमेन्स ब्यूरो हे खाते आणि कृष्णवर्णीयांची स्वतःची चर्चे यांच्या हातून ही कामे झाली.

या संस्थांपैकी कित्येकींनी पहिल्याच दिवशी ‘विद्यापीठ’ हे नाव धारण केले, आणि वर्गात मात्र पन्नाशीचा बाप व सात वर्षांचा मुलगा एकाच बाकावर बसून मुळाक्षरे गिरवीत होते. पुढच्या टीकाकारांनी या विसंगतीची पुष्कळ थट्टा केली. परंतु ते नाव वर्तमानाचे वर्णन नव्हते, तो भविष्याविषयीचा संकल्प होता. ज्यांना काल अक्षर वाचणे हा अपराध होता, त्यांची मुले उद्या ग्रीक व गणित शिकतील, असा तो संकल्प होता. फिस्क विद्यापीठाची सुरुवात सैन्याच्या रिकाम्या झालेल्या रुग्णालयाच्या बराकींत झाली. १८७१ साली पैशाअभावी ते बंद पडण्याची वेळ आली, तेव्हा नऊ विद्यार्थ्यांचा एक गायकमेळा वर्गणी जमविण्यास बाहेर पडला. गुलामगिरीच्या काळातील भक्तिगीते गात हे ‘ज्युबिली सिंगर्स’ अमेरिकेत व पुढे इंग्लंडात हिंडले आणि त्यांनी मिळविलेल्या पैशातून ‘ज्युबिली हॉल’ ही भव्य वास्तू उभी राहिली. विद्यार्थ्यांनी गाऊन आपले विद्यापीठ बांधले, असा हा प्रसंग आहे.

तथापि या शिक्षणाचा हेतू काय, याविषयी आरंभापासून दोन मते होती. हॅम्प्टनचे संस्थापक सॅम्युएल आर्मस्ट्राँग यांचे शिष्य बुकर टी. वॉशिंग्टन यांनी १८८१ साली अलाबामा राज्यात टस्कीगी येथे विद्यालय काढले. विटा भाजणे, सुतारकाम, शेती, स्वयंपाक, स्वच्छता हे तेथील शिक्षणाचे मुख्य अंग होते. विद्यालयाच्या इमारतींसाठी विटा विद्यार्थ्यांनीच भाजल्या. प्रथम पोटापाण्याची सोय, नंतर हक्क, अशी वॉशिंग्टन यांची भूमिका १८९५ च्या अटलांटा येथील भाषणाने देशभर गाजली. त्यांच्या विरुद्ध बाजूस डब्ल्यू. ई. बी. डु बॉइस उभे राहिले. ते फिस्कचे पदवीधर आणि हार्वर्डची डॉक्टरेट मिळविणारे पहिले कृष्णवर्णीय. समाजातील बुद्धिमान दशांशास उच्चतम विद्या मिळाली पाहिजे, कारण तोच उरलेल्यांस वर आणील. गवंडीकामाच्या शाळेला शिक्षक लागतो आणि तो शिक्षक महाविद्यालयातूनच यावयाचा, असे त्यांचे म्हणणे होते. हा वाद केवळ अभ्यासक्रमाचा नव्हता. धनिक गोऱ्या दात्यांना पहिला मार्ग निर्धोक वाटत होता, दुसरा धोक्याचा. त्यामुळे द्रव्याचा प्रवाह कोणीकडे वळला, हे निराळे सांगावयास नको.

सरकारी मदतीची कथाही अशीच. १८९० च्या दुसऱ्या मॉरिल कायद्याने मध्यवर्ती सरकारने राज्यांना दोन पर्याय दिले : शेतकी व यांत्रिकी शिक्षणाच्या अनुदानित महाविद्यालयांत वर्णभेद करू नये, किंवा कृष्णवर्णीयांसाठी निराळी संस्था काढून तिला अनुदानाचा न्याय्य वाटा द्यावा. दक्षिणेतील राज्यांनी दुसरा पर्याय पत्करला. सहाच वर्षांनी, १८९६ साली, प्लेसी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ‘निराळे पण समान’ या तत्त्वावर शिक्कामोर्तब केले. यातील निराळेपणा कसोशीने पाळला गेला. समानता कागदावर राहिली.

या पार्श्वभूमीवर तपासनीसांचे आगमन झाले. १९१० साली कार्नेगी प्रतिष्ठानाच्या वतीने एब्राहम फ्लेक्सनर यांनी अमेरिका व कॅनडा येथील १५५ वैद्यकीय विद्यालयांचा अहवाल प्रसिद्ध केला. फ्लेक्सनर स्वतः डॉक्टर नव्हते, पेशाने शिक्षक होते. पण त्यांची नजर करडी होती आणि त्यांनी दाखविलेले दोष बहुतांशी खरे होते. प्रयोगशाळा नसलेली, रुग्णालयाशी संबंध नसलेली, केवळ फीवर जगणारी कित्येक विद्यालये, त्यांत गोऱ्यांचीही पुष्कळ, या अहवालानंतर बंद पडली आणि रोग्यांचे त्यात हितच झाले. कृष्णवर्णीयांची अशी सात विद्यालये त्या वेळी होती. त्यांपैकी वॉशिंग्टनचे हॉवर्ड व नॅशव्हिलचे मेहॅरी ही दोनच राखण्यायोग्य आहेत, असा अभिप्राय त्यांनी दिला. १९२३ पर्यंत उरलेली पाचही बंद झाली.

आता येथे थोडे थांबून विचार केला पाहिजे. गोऱ्यांचे एखादे हलके विद्यालय बंद झाले तर तेथे जाऊ इच्छिणारा मुलगा दुसऱ्या शहरात चांगल्या विद्यालयात जाऊ शकत होता. कृष्णवर्णीय मुलाला दुसरे दार नव्हते. दक्षिणेतील गोऱ्यांच्या वैद्यकीय विद्यालयांपैकी पहिल्याने, आर्कान्सा विद्यापीठाने, आपले दार उघडले ते १९४८ साली. शिवाय फ्लेक्सनर यांनी या डॉक्टरांचे कार्यही ठरवून टाकले होते. त्यांनी शस्त्रक्रियेपेक्षा आरोग्यरक्षणाकडे लक्ष द्यावे, कारण कृष्णवर्णीयांच्या वस्तीतील रोग गोऱ्यांच्या घरी पोचू शकतो, असा त्यांच्या विवेचनाचा रोख होता. म्हणजे रोगी बरा व्हावा हा एक हेतू, आणि शेजारी सुरक्षित राहावा हा दुसरा. प्रत मोजताना दुसऱ्याचे वजन बरेच पडले. १९१० नंतर ही पाच विद्यालये चालू राहून सुधारली असती तर २०१९ पर्यंत त्यांतून सुमारे ३५ हजार अधिक डॉक्टर बाहेर पडले असते, असा अंदाज २०२० साली एका वैद्यकीय नियतकालिकात मांडला गेला. अंदाज तो अंदाजच. परंतु प्रत सुधारण्याच्या नावाखाली बंद केलेल्या दाराची किंमत किती असते, याची कल्पना त्यावरून येते.

दुसरी तपासणी टॉमस जेसी जोन्स यांची. ते पूर्वी हॅम्प्टन येथे अध्यापक होते. फेल्प्स-स्टोक्स निधी व सरकारी शिक्षणखाते यांच्या वतीने केलेला त्यांचा द्विखंडात्मक अहवाल १९१७ साली बाहेर पडला. विद्यार्थी, अध्यापक, साधने व उत्पन्न यांचा विचार करता महाविद्यालय हे नाव शोभेल अशा संस्था हॉवर्ड व फिस्क एवढ्याच, बाकीच्यांत बहुसंख्य मुले प्राथमिक वा माध्यमिक वर्गांत बसलेली आहेत, असे त्यांनी दाखविले. आकडा खोटा नव्हता. पण हे असे का, या प्रश्नाचे उत्तर अटलांटा शहरात मिळते. त्या एका शहरात कृष्णवर्णीयांची उच्च शिक्षणाची पाच ठिकाणे होती. आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी सरकारी माध्यमिक शाळा मात्र १९२४ पर्यंत एकही नव्हती! ज्या मुलांना नगरपालिकेने शाळा नाकारली, त्यांना महाविद्यालयाने आपल्या पडवीत बसवून शिकविले, आणि तपासनीसाने ते महाविद्यालयाचे वैगुण्य म्हणून नोंदविले. जोन्स यांचा निष्कर्ष हस्तव्यवसायाच्या शिक्षणाकडे झुकणारा होता. डु बॉइस यांनी ‘क्रायसिस’ या आपल्या मासिकातून त्याचा कडक समाचार घेतला. दोष दाखविण्यास त्यांची हरकत नव्हती. ज्यांचे शिक्षण चालले आहे त्यांना न विचारता त्या शिक्षणाचे ध्येय ठरविण्यास होती.

असे असले तरी या संस्था निर्दोष होत्या आणि सर्व टीका द्वेषातून आली, असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. सर्वांत तिखट टीका घरातूनच झाली. फिस्कचे गोरे अध्यक्ष फेयेट मॅकेन्झी यांनी दहा लाख डॉलरांचा कायम निधी उभारण्याची मोहीम हाती घेतली आणि देणगीदारांचे मन राखण्यासाठी विद्यार्थ्यांवर तुरुंगासारखी शिस्त लादली. विद्यार्थ्यांचे नियतकालिक बंद, पोशाखावर निर्बंध, हक्कांसाठी झगडणाऱ्या संघटनेची शाखा काढण्यास मज्जाव. निधी जमला, संस्था सधन झाली, तपासनीसाच्या रकान्यात प्रत वाढली. १९२४ साली डु बॉइस यांनी फिस्कमध्येच उभे राहून या कारभारावर प्रहार केला, आणि १९२५ साली विद्यार्थ्यांनी संप करून अध्यक्षांना राजीनामा देणे भाग पाडले. हॅम्प्टन येथेही १९२७ साली संप झाला. चांगल्या संस्थेची व्याख्या आता विद्यार्थी करू लागले होते : जेथे आमची मान ताठ राहते ती.

बाहेरून लादलेली प्रत आणि आतून वाढविलेली प्रत यांतील भेद पाहावयाचा तर हॉवर्डच्या विधिमहाविद्यालयाकडे पाहावे. हॉवर्डचे पहिले कृष्णवर्णीय अध्यक्ष मॉर्डेकाय जॉन्सन हे १९२६ पासून १९६० पर्यंत त्या पदावर होते. त्यांनी १९२९ साली हार्वर्डचे पदवीधर चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन यांच्या हाती विधिमहाविद्यालय सोपविले. तोवर ते रात्रीचे महाविद्यालय होते. दिवसा राजधानीतील सरकारी कचेऱ्यांत राबून रात्री कायदा शिकणाऱ्यांचा तो आधार होता. ह्यूस्टन यांनी रात्रीचे वर्ग बंद केले, प्रवेश कडक केला, नापास करण्यात दयामाया दाखविली नाही. विद्यार्थ्यांची संख्या घटली आणि माजी विद्यार्थी संतापले. दिवसाची नोकरी सोडणे ज्यांना शक्य नव्हते, त्यांच्या दृष्टीने हा अन्यायच होता, आणि लेखणीवर पोट असलेल्या माणसाला तो डोळ्याआड करता येत नाही. परंतु ह्यूस्टन यांचा हेतू स्पष्ट होता : वर्णभेदाचे कायदे न्यायालयात मोडून काढील असा वकील घडविणे. १९३१ साली अमेरिकन बार असोसिएशनची मान्यता मिळाली. १९३३ साली थर्गुड मार्शल पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाले. मेरीलँड विद्यापीठाच्या विधिमहाविद्यालयात कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता. तेच दार गुरुशिष्यांनी १९३५-३६ मध्ये खटला लढवून उघडावयास लावले. पुढे १९५४ साली ब्राउन खटल्यात ‘निराळे पण समान’ हे तत्त्वच सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढले, तेव्हा वकील मार्शलच होते. १९६७ मध्ये ते त्या न्यायालयाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायमूर्ती झाले. फ्लेक्सनरही कठोर होते आणि ह्यूस्टनही. पण एकाच्या कठोरपणाने दार बंद झाले आणि दुसऱ्याच्या कठोरपणाने उघडले. कारण दुसऱ्याने प्रत वाढविताना ती कशासाठी, हे आपल्या समाजाच्या गरजेवरून ठरविले होते.

मध्यंतरी प्रतवारीचा आणखी एक नमुना घडला. दक्षिणेतील महाविद्यालयांना मान्यता देणाऱ्या मंडळाने १९३० पासून कृष्णवर्णीयांच्या संस्थांना ‘अ’ आणि ‘ब’ असे वर्ग देण्यास आरंभ केला. फिस्कला ‘अ’ मिळाला. परंतु ही यादीच निराळी होती. ‘अ’ मिळूनही सदस्यत्व नव्हते. ते १९५७ साली मिळाले. परीक्षेत पहिला आलेला मुलगा सत्तावीस वर्षे वर्गाबाहेर उभा करावा, तसा हा प्रकार झाला.

१९६७ साली ख्रिस्तोफर जेंक्स व डेव्हिड रीझमन या दोन विद्वानांनी हार्वर्डच्या शिक्षणविषयक नियतकालिकात एक प्रदीर्घ लेख लिहून या बहुसंख्य संस्थांना विद्येच्या क्षेत्रातील आपद्‌ग्रस्त प्रदेशच ठरविले. हे दोघे वर्णद्वेष्टे नव्हते, उदारमतवादी होते. त्यामुळे घाव अधिक खोल गेला. लेखाचा आधार पद्धतशीर पाहणीपेक्षा भेटी, चर्चा व अनुमाने यांवर अधिक होता, हे अनेक महाविद्यालयांच्या अध्यक्षांनी त्याच नियतकालिकात दाखवून दिले. त्यांत मोरहाउसचे बेंजामिन मेज हे एक होते.

मेज यांचे चरित्र हेच या टीकेला एक उत्तर आहे. गुलामगिरीत जन्मलेल्या आईबापांचा हा मुलगा शिकागोची डॉक्टरेट मिळवून १९४० मध्ये मोरहाउसचा अध्यक्ष झाला. त्यापूर्वी हॉवर्डमध्ये असताना, १९३६ च्या अखेरीस, ते हिंदुस्थानात आले आणि वर्ध्यास महात्मा गांधींना भेटून अहिंसा व जातिभेद या विषयांवर बोलले. पुढे मोरहाउसच्या प्रार्थनामंदिरात त्यांची प्रवचने ऐकत जो विद्यार्थी बसे, तो मार्टिन ल्यूथर किंग. १९४८ चा पदवीधर. हॉवर्डचे मॉर्डेकाय जॉन्सन यांनी हिंदुस्थानातून परतल्यावर गांधींवर दिलेल्या व्याख्यानानेही किंग भारावून गेले होते. १ फेब्रुवारी १९६० रोजी ग्रीन्सबरो येथे गोऱ्यांसाठी राखलेल्या उपाहारगृहात जाऊन बसलेले चौघे तरुण नॉर्थ कॅरोलिनाच्या कृषी व तांत्रिक महाविद्यालयाचे विद्यार्थी होते. त्या चळवळीची संघटना स्थापन झाली ती रॅलेच्या शॉ विद्यापीठात. ज्यांना प्रबंधांच्या संख्येवरून आपद्‌ग्रस्त म्हटले गेले, त्या संस्थांनी देशाची राज्यघटना देशालाच नव्याने वाचून दाखविली. हा गुण कोणत्या रकान्यात लिहावा?

वर्णभेदाच्या कायद्यांचा अंत झाल्यावर मात्र खरा अवघड प्रश्न उभा राहिला. दार उघडल्यावर या निराळ्या घराचे प्रयोजन काय? १९९२ साली मिसिसिपी राज्याच्या फोर्डाइस खटल्यात हाच पेच सर्वोच्च न्यायालयापुढे आला. जुन्या भेदाची चिन्हे राज्याने पुसली पाहिजेत, असे न्यायालयाने ठरविले. आणि मार्शल यांच्या जागी आलेले न्यायमूर्ती क्लॅरेन्स टॉमस यांनी वेगळा अभिप्राय लिहून बजावले की, भेदाच्या काळात ज्यांनी या समाजाला तगविले त्या संस्थाच भेद मिटविण्याच्या खटाटोपात नष्ट होऊ नयेत.

आज अशा संस्था सुमारे शंभर आहेत. १९७६ साली अमेरिकेतील उच्च शिक्षण घेणाऱ्या कृष्णवर्णीयांपैकी शेकडा १८ या संस्थांत होते; २०२० च्या सुमारास ते प्रमाण शेकडा ९ वर आले. तरी कृष्णवर्णीयांना मिळणाऱ्या चार वर्षांच्या पदव्यांपैकी शेकडा १३ येथूनच मिळतात. या फरकाचे काही श्रेय हिशेबाच्या रीतीस आहे, कारण बाहेरील विद्यार्थ्यांपैकी पुष्कळ जण दोन वर्षांच्या महाविद्यालयांत असतात. पण सर्वच श्रेय तसे नाही. न्यू ऑर्लिन्सचे झेव्हियर विद्यापीठ लहानसे आहे, तथापि वैद्यकीय शिक्षणास सर्वाधिक कृष्णवर्णीय विद्यार्थी धाडणारी संस्था म्हणून ते वर्षानुवर्षे अग्रभागी राहिले. उलट बाजूही लपविता कामा नये. अटलांटाच्या मॉरिस ब्राउन महाविद्यालयाची मान्यता आर्थिक गैरकारभारामुळे २००२ साली गेली आणि ती परत मिळण्यास २०२२ साल उजाडले. व्हर्जिनियाचे सेंट पॉल्स महाविद्यालय २०१३ मध्ये कायमचे मिटले. गौरवशाली भूतकाळ आजच्या विद्यार्थ्याची फी परत देत नाही.

परंतु दारिद्र्याचा दोष दरिद्र्याच्याच माथी मारण्यापूर्वी जमाखर्च पाहावा लागतो. १८९० च्या कायद्यातील न्याय्य वाट्याचे काय झाले? २०२३ च्या सप्टेंबरात मध्यवर्ती सरकारच्या शिक्षण व कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी सोळा राज्यांच्या राज्यपालांना पत्रे लिहून कळविले की, १९८७ ते २०२० या काळात या अनुदानित कृष्णवर्णीय विद्यापीठांना गोऱ्यांच्या समकक्ष विद्यापीठांच्या मानाने बारा अब्ज डॉलरांहून अधिक रक्कम कमी मिळाली. मेरीलँड राज्याने तर दीर्घकाळ चाललेल्या दाव्यानंतर २०२१ साली चार संस्थांना ५७ कोटी ७० लाख डॉलर देण्याचे मान्य केले. ज्याने धान्य कमी मोजून दिले, त्यानेच पुढे पाहुणा कृश असल्याची तक्रार करावी, असा हा व्यवहार आहे.

मराठी वाचकास हा विषय परका वाटण्याचे कारण नाही. फिस्कचे गायक इंग्लंडात हिंडत होते त्याच १८७३ साली जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ, गुलामांना दास्यातून मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. १९४६ साली डॉ. आंबेडकरांनी डु बॉइस यांना पत्र लिहून दोन समाजांच्या स्थितीतील साम्याकडे लक्ष वेधले. त्याच वर्षी त्यांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले आणि १९५० साली औरंगाबादेत, आजच्या छत्रपती संभाजीनगरात, मिलिंद महाविद्यालयाचा पाया घातला. या संस्था सर्वांना खुल्या होत्या, म्हणून त्यांची तुलना अमेरिकेतील संस्थांशी शब्दशः होऊ शकत नाही. पण ज्याला कोणी दार उघडीत नव्हते त्याच्यासाठी दार करावे, ही प्रेरणा एकच.

तेव्हा अशा संस्थेची प्रत ठरवू पाहणाऱ्याने आपल्या तक्त्यात आणखी चार रकाने आखून घ्यावेत. विद्यार्थी आला तेव्हा त्याच्यापाशी काय होते. बाहेर पडला तेव्हा काय होते. दरम्यान संस्थेला तिचे देणे पुरते मिळाले होते काय. आणि ती मिटली तर तो मुलगा उद्या कोठे जाईल. हे चार रकाने प्रामाणिकपणे भरून झाल्यावर नापास ठरणाऱ्या संस्था तरीही निघतील, आणि त्यांची गय करू नये. मात्र शेवटच्या रकान्यात उत्तर लिहिल्यावाचून कोणत्याही तपासनीसाने अहवालावर सही करू नये. १९१० साली ते उत्तर कोणी लिहिले नाही. त्याची किंमत अहवाल लिहिणाऱ्यांना नव्हे, डॉक्टरवाचून राहिलेल्या गावांना द्यावी लागली.